जिन्यापाशी बसणारी माणसं

बुकित बातोक या परदेशी उपनगरातल्या त्या चार मजली जुन्या इमारतीला लिफ्ट नव्हती. बँकेकडून कर्ज काढून ती बसवायची की नाही, यावर शनिवारी खाली गुप्त मतदान होणार होतं. तळमजल्यावरचे शिरीषराव हयातभर अकाउंटंट. कर्ज म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. पण खरं दुखणं वेगळंच होतं. लिफ्ट येणार होती ती जिन्याशेजारची बाकं काढून!

त्या बाकांवर एके काळी काय रंगत असे! संध्याकाळ झाली की चौथ्या मजल्यावरच्या लिम आंटी कलिंगडाच्या बिया सोलत येऊन बसत. शिरीषरावांची छोटी लेक अनघा मोठ्याने पाढे म्हणे आणि लिम आंटी तिच्यामागून ‘बे एके बे’ म्हणत. विनीताबाईंच्या चिवड्याचा डबा हातोहात रिकामा होई.

“ती जागा मी जाऊ द्यायचा नाही,” शिरीषराव बायकोला, विनीताबाईंना म्हणाले. “माझं एक मत आणि लिम आंटींचं एक. त्यांनी सही करून कागद पाठवलाय, त्यांच्या वतीनं मीच मत द्यायचं.”

“पण त्यांना काय हवंय ते विचारलंत का?” विनीताबाईंनी विचारलं.

“विचारायचं काय त्यात? त्या कोपऱ्याच्या राणी आहेत त्या!”

“हो? मग राणीसाहेबांना तिथं शेवटचं कधी पाहिलंत?”

शिरीषरावांना काही केल्या आठवेना. ते तसेच उठले आणि जिना चढू लागले. तिसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबावं लागलं.

लिम आंटींनी दार उघडलं. “हात हलवत आलास? चिवडा कुठाय?”

“आंटी, हल्ली खाली दिसत नाही तुम्ही.”

“गुडघे गेले. चायनीज न्यू इयरनंतर एकदाच उतरले, तेही हॉस्पिटलसाठी. दोघांनी खुर्चीतून उचलून नेलं, तांदळाच्या पोत्यासारखं!” त्या खिडकीकडे वळल्या. “रोज इथून बाकांकडे बघते. कोण बसतं रे तिथं आता? कबुतरं!”

“लिफ्ट आली तर ती बाकं जाणार, आंटी.”

“जाऊ देत की! मी माझी खुर्ची घेऊन येईन लाह!” जोर द्यायचा झाला की त्या वाक्याशेवटी ‘लाह’ जोडत.

शिरीषराव ओशाळले. “मग मला तसं कळवलं का नाहीत?”

“तू विचारलंस कधी? इतकी वर्षं माझे सगळे फॉर्म तूच भरलेस. मला वाटलं, माझ्या मनातलं तुला ठाऊकच असणार.”

अरेरे! विश्वासानं दिलेलं मत आपण आंटींच्याच विरुद्ध टाकायला निघालो होतो! शिरीषरावांनी खिशातला कागद काढला आणि त्यांच्या हाती परत दिला. “आंटी, हे मत तुमचं. तुम्हीच द्यायचं.”

शनिवारी चौघांनी लिम आंटींना खुर्चीसकट खाली आणलं. “हळू रे, मी पोतं नाही!” त्या वाटभर ओरडत होत्या. त्यांनी स्वतःच्या हातानं खूण करून चिठ्ठी पेटीत टाकली. मागोमाग शिरीषरावांनीही लिफ्टच्या बाजूनं मत दिलं. मोजणी झाली आणि ठराव मंजूर झाला, जेमतेम दोन मतांनी!

मंडळी, जुन्या दिवसांवर जीव असावाच. पण आपण जागा जपत बसतो आणि त्या जागेला जागा करणारी माणसं वर एकटी पडतात. म्हणून मत देण्याआधी एकदा जिना चढावा, दार वाजवावं आणि विचारावं, “तुम्हाला काय हवंय?”