न चढलेलं रीळ

मी कॅमेरा. माझं काम बघण्याचं, बोलण्याचं नाही. पण ज्या एका कामासाठी मला घरात आणलं, तेवढंच माझ्याकडून झालं नाही. ते कुणाला तरी सांगावं म्हणून आज बोलतोय.

माझा जन्म जपानमधला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जोडलं, कान लावून माझी कळ ऐकली आणि पेटीत झोपवलं. पूर्वी आमच्यासारखे हैदराबादला यायचे ते दुबईहून सुटीवर येणाऱ्यांच्या बॅगांतून, टॉवेलात गुंडाळून, कस्टमवाल्याची नजर चुकवून. माझ्या वेळेला दिवस बदलले होते. मी कोठी भागातल्या एका दुकानात राजरोस काचेच्या कपाटात बसलो. वरच्या फळीवर परदेशी इस्त्र्या, खाली परदेशी साबण. लोक काचेला नाक लावून बघायचे, "अब सब मिलरा मियाँ," म्हणायचे आणि पुढं जायचे.

एका दुपारी तिघं आली. मंगलाबाई, पन्नाशीच्या, हातात कापडी पिशवी. त्यांचे यजमान एकनाथराव, अफझलगंजात सुतळी-दोरखंडाचं दुकान चालवणारे. भर उन्हात गळ्याला मफलर गुंडाळलेला. आणि त्यांची मुलगी अश्विनी. ती बंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला होती आणि दोन दिवसांची रजा काढून आली होती.

"कायके वास्ते होना?" दुकानदारानं विचारलं. "शादी है?"

"यांचा जेवतानाचा फोटो काढायचाय," मंगलाबाई सरळ म्हणाल्या.

दुकानदार हसला. "खाते सो फोटू? खाते सो कौन निकालता अम्मा? नजर लगती!"

 मग अश्विनीनं काउंटरवर वाकून हळू आवाजात सांगितलं. बाबांच्या घशात गाठ आहे. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. त्यानंतर आवाज जाणार आणि तोंडानं जेवणंही बंद. पोटात नळी बसवतील. डॉक्टर म्हणालेत, तोवर यांना आवडेल ते खाऊ घाला.

दुकानदारानं हसू आवरलं, पंखा एकनाथरावांकडं वळवला आणि आम्हा दोघांना काचेवर ठेवलं. मला, आणि माझ्या शेजारच्या नव्या मोटरवाल्याला. "ये लेलो अम्मा. बटन दबाया, काम खतम. रील आपीच चढाता, आपीच फिराता. अंधेरा रहा तो लाइट बी आपीच मारता."

त्यानं बटण दाबून दाखवलं. घर्र आवाज झाला आणि एकनाथरावांच्या डोळ्यांवर लख्खकन उजेड पडला. ते दोन पावलं मागं सरले.

"नक्को बाबा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "घास तोंडात असताना वीज पाडणार काय अंगावर? मंगला, हा बरा बघ, गपचूप आहे." आणि त्यांनी मला उचललं.

"हाताने फिराना पडता इसकू," दुकानदार म्हणाला. त्यानं माझ्यात रीळ बसवलं, पट्टीचं टोक फिरकीच्या खाचेत अडकवलं, झाकण लावलं आणि कळ ओढली. "देखो साब. इधर की कळ खींचे तो उधर की ये छोटी चकरी फिरना. फिरी तो समझो रील चलरी. नै फिरी तो कुछ नै आता."

एकनाथरावांनी मान डोलावली. अश्विनी तेव्हा पर्समध्ये तिकीट शोधत होती; तिची गाडी संध्याकाळची होती. मंगलाबाई माझी कातडी पिशवी न्याहाळत होत्या. मला निवडलं गेलं याचा मला फार आनंद झाला होता, हे कबूल केलं पाहिजे.

हिमायतनगरच्या घरी आल्यावर अश्विनीनं आईला घाईघाईत शिकवलं. कळ ओढ, एक डोळा मिटून बघ, बाबा चौकटीत बसले की दाब. चकरीचं सांगायचं राहून गेलं. जाताना ती वडिलांच्या गळ्यात पडली आणि मंगलाबाईंनी मला छातीशी धरलं, जसा काही मीही गाडीला निघालोय.

मंगलाबाईंच्या घरात मला घेण्याआधी मोठा वाद झाला होता, हे मला नंतर कळलं. जेवणाऱ्या माणसाकडं टक लावून बघू नये, त्याचा फोटो तर मुळीच काढू नये, असं त्यांच्याकडं मानतात. शेजारच्या पद्मावतीबाई दारात उभ्या राहून म्हणाल्यासुद्धा, "आजारी माणसाचा असला फोटो? मंगला, तुला काय कळतं का नाही?"

"वैनी, लग्नाला तीस वर्षं झाली," मंगलाबाई म्हणाल्या. "वाढते मीच, पण उभ्यानं. मला यांचा भांग दिसतो अन् ताट दिसतं. जेवण आवडलं की हे 'हौ' म्हणतात, ते मला पाठमोऱ्यानंच ऐकू येतं, तव्यावरची भाकरी उलटताना. तेव्हा यांचं तोंड कसं होतं ते मी कधी बघितलंच नाही. आता आठ दिवसांनी ते तोंड राहणार नाही. मग बघू कुठं?"

पद्मावतीबाई तशाच वळल्या. घरून मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या आणि जेवणानंतर रोज ओवाळून टाकायला सांगून गेल्या.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. माझी पूजा झाली. या घरात नवी वस्तू देवापुढं ठेवायची ती उघडून. ट्रंक आली तर झाकण वर करून, लोखंडी कपाट आलं तेव्हा दोन्ही दारं सताड उघडी ठेवून. हळद-कुंकू लावायचं तेही आतल्या अंगाला. बंद वस्तू देवापुढं ठेवली तर बरकत बाहेरच थांबते, असं मंगलाबाईंच्या सासूबाई सांगत. स्कूटर आली तेव्हा तिच्या डिकीत कुंकू लावलेलं होतं.

मंगलाबाईंनी आंघोळ करून, ओल्या केसांनी माझं झाकण उघडलं. तपकिरी पट्टी मध्ये येत होती. साडीची निरी सारखी करावी तशी त्यांनी ती अलगद बाजूला केली. आत हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, वर एक अक्षता. "यांचं सगळं नीट येऊ दे," त्या मला म्हणाल्या. मला, देवाला नव्हे. मग पट्टी होती तशी ठेवून झाकण लावलं. दिसायला सगळं जागच्या जागी होतं. पण पट्टीचं टोक फिरकीच्या खाचेतून सुटलं होतं.

मला तेव्हाच कळलं. मला ओरडता येत नाही. माझ्याजवळ आहे तो एक 'खट' आवाज, आणि तो सगळं ठीक असल्यासारखाच येतो.

त्या दुपारपासून जेवणं सुरू झाली. खिडकीशी पाट मांडायचा, कारण उजेड तिथं. पहिल्या दिवशी येसराची आमटी. येसर म्हणजे धान्यं आणि मसाला भाजून केलेली पूड. ती नांदेडकडच्या त्यांच्या गावाहून दर वर्षी डब्यात यायची. आमटीत ज्वारीची भाकरी अगदी मऊ कुस्करलेली. दुसऱ्या दिवशी पिठलं. मग हैदराबादी खिचडी आणि चिंच-तिळाचा पातळ खट्टा, जो एकनाथरावांना दुकानाशेजारच्या दोस्तानं तरुणपणी खाऊ घातला होता आणि मग घरात कायमचा आला. एका संध्याकाळी नुसता इराणी चहा, त्यात बुडवलेलं उस्मानिया बिस्किट. ते चहात तुटून पडलं आणि दोघंही हसली.

"हलू नका," मंगलाबाई म्हणायच्या.

"जेवू का हलू नको? एक काय ते सांग."

"घास घ्या अन् थांबा."

"पोलिसासारखी बोलायलीस."

खट. मंगलाबाई कळ ओढायच्या. उजवीकडचा आकडा एकेक पुढं सरकायचा. डावीकडची चकरी जागची हलायची नाही.

एकनाथरावांच्या ते लक्षात आलं, ज्या दिवशी खिचडी होती त्या दिवशी. मी त्यांच्यासमोर तिपाईवर होतो. मंगलाबाई पापड भाजायला आत गेल्या होत्या. एकनाथरावांनी मला उचललं, कळ ओढली, चकरीकडं बघितलं. बटण दाबून परत ओढली. मग मला तळहातावर घेतलं.

"म्हणजे तूही उपाशीच का रे?" ते हळूच म्हणाले.

आतून मंगलाबाईंचा आवाज आला, "काय म्हणालात?"

"काही नाही. पापड जाळू नको म्हणालो."

त्यांनी मला खाली ठेवलं. स्वयंपाकघराकडं बघून माझ्याशी बोलले, अगदी कुजबुजत. "चार दिवस झाले, ही आनंदात आहे. दवाखान्याचं नाव काढत नाही. आता सांगितलं तर रडत बसेल अन् एकेक जेवण परत मांडेल. मला आता तेवढं गिळवत नाही. राहू दे. नंतर बघू."

नंतर म्हणजे कधी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मंगलाबाई पापड घेऊन आल्या. त्यांनी मला डोळ्याला लावलं आणि एकनाथरावांनी घास घेतला.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. एकनाथराव घरी आले ते पांढरे, वाळलेले. गळ्याला भोक, पोटाला नळी. आता बोलायचं ते पाटीवर. मंगलाबाई मिक्सरमध्ये सगळं पातळ करायच्या, गाळायच्या आणि नळीत ओतायच्या. सुरुवातीला त्या रोज नाव सांगायच्या. "आज मुगाचं आहे हं. आज दुधी आहे." नळीला चव कुठली? पुढं त्यांनी नाव सांगणं सोडलं.

त्याच आठवड्यात त्यांनी रीळ धुवायला दिलं. जवळच्या स्टुडिओतला माणूस मलाही मागून घेऊन गेला आणि संध्याकाळी स्वतः घरी आला. हातात पट्टी होती, सगळी सारखी, कुठं काही नाही.

"अम्मा, रील चढीच नै. एक बी नै आया." मग माझं झाकण उघडून त्यानं बोट फिरवलं. बोटाला लाल लागलं. "ये अंदर कुंकू कौन डाले? पट्टी छूट गई ना."

मंगलाबाईंनी त्याच्या बोटाकडं बघितलं, मग स्वतःच्या. तो माणूस भला होता. चप्पल घालून गुपचूप निघून गेला.

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "माझ्याच हातानं," एवढंच पुन्हा पुन्हा. पलंगावरून एकनाथरावांनी पाटी ओढली. त्यांना तिचं मन हलकं करायचं होतं, हे मला दिसत होतं. लिहिलं आणि तिच्यापुढं धरलं: मला ठाऊक होतं. तू खुशीत होतीस, म्हणून बोललो नाही.

मंगलाबाईंनी ते दोनदा वाचलं.

"ठाऊक होतं?" त्या उभ्या राहिल्या. "अहो, तवा तर बोलता येत होतं तुम्हाला! तवा तोंड होतं! रीळ परत बसवून आणलं असतं, एक तरी निघाला असता. एक तरी!"

एकनाथरावांनी हाताच्या तळव्यानं पाटी पुसली. हातात पेन्सिल तशीच धरून राहिले.

त्यानंतर घरात भांडण असं झालं नाही. मंगलाबाई नळीत दूध ओतायच्या, तोंड पुसायच्या, उशी सारखी करायच्या. पण त्या गोष्टीचं दोघांतही पुन्हा नाव निघालं नाही. मला वाटायचं, आज निघेल, उद्या निघेल. जखम चिघळली, ताप भरला आणि पावसाळा सरता सरता एकनाथराव गेले. ते राहूनच गेलं.

अश्विनी आली. दिवसकार्य झाल्यावर आईजवळ बसून म्हणाली, "आई, फोटो नाही आले तर नाही आले. पण तू आठ दिवस बाबांना समोरून बघितलंस ना? ते कुणी नेलं का?"

"कुठं बघितलं गं?" मंगलाबाई म्हणाल्या. "एक डोळा मिटलेला. दुसरा त्या चौकटीच्या रेघांवर. डोकं कापलं जातंय का, ताट बसतंय का, एवढंच बघत होते. म्हटलं, चेहरा काय, फोटो आले की निवांत बघू."

 

आता मी स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांमागं असतो. माझ्या काचेवर बुरशीची जाळी आली आहे. येसराचा डबा गावाहून आला तर मंगलाबाई तो तसाच पद्मावतीबाईंकडं पाठवतात. स्वतः दुधात पाव बुडवून, ओट्याशी उभ्या राहून खातात. टीव्हीवर आता नवनव्या कॅमेऱ्यांच्या जाहिराती लागतात. मंगलाबाई आवाज बंद करतात. कधीतरी दुपारी मला काढतात, रीळ नसलेलाच डोळ्याला लावतात आणि खिडकीशी बघतात. बटण दाबत नाहीत. "कसं होतं रे?" असं एकदा विचारलंही त्यांनी मला.

मी बघितलं होतं. मला डोळा एकच, आणि तो उघडा होता. म्हणून ते तुम्हाला सांगून ठेवतो. खिचडीवर खट्टा ओतला की एकनाथराव आधी वास घ्यायचे. पहिला घास जिभेवर ठेवून डोळे मिटायचे, भुवया वर जायच्या आणि कपाळावरची आठी सुटायची. घास उतरताना गळा दुखायचा, तेव्हा डाव्या डोळ्याच्या कडेला पाणी यायचं. ते तसंच ठेवून, 'हौ' म्हणण्याआधी, ते एकदा मान वर करून मंगलाबाईंकडं बघायचे. एकदाही चुकले नाहीत.

हिमायतनगरला कधी गेलात आणि मंगलाबाई भेटल्या, तर त्यांना एवढं सांगा. त्या विश्वास ठेवतील असं मला वाटत नाही. दाखवायला माझ्याजवळ काही नाही.