आठातली सहा इंजिनं

नदीच्या वरच्या अंगाला रंगाच्या कारखान्याची टाकी फुटली आणि रसायन पात्रात उतरलं, ही बातमी पाणीखात्यात आली तेव्हा दुपारची जेवणं नुकतीच उरकली होती. जिन्यावर धावपळ सुरू झाली. धाकटी मात्र जागची हलली नाही. तिची लढाई तिच्या टेबलावरच होती.

दोघी बहिणी याच खात्यात. थोरली वरच्या मजल्यावर, नदीच्या प्रवाहाची अभ्यासक. धाकटी खाली, सर्व्हर सांभाळणारी. ऑफिसात सगळे तिला धाकटीच म्हणत, साहेबसुद्धा. नदीकाठच्या सेन्सरचे आकडे तिच्या सर्व्हरवर यायचे. तिथे आठ इंजिनं, म्हणजे हिशेब करणारे प्रोग्रॅम, कायम तयार असायची. पंपघरातून कुणी बटण दाबलं की ती रिक्वेस्ट एका इंजिनाकडे जायची, पाण्यात काय किती मिसळलंय ते स्क्रीनवर उमटायचं आणि इंजिन पुढच्यासाठी मोकळं व्हायचं. कुणाला कुठे धाडायचं ते लोड बॅलन्सर ठरवायचा. एरवी या सगळ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे.

पहिला फोन मोठ्या पंपघरातून आला. तिथल्या ऑपरेटरला सगळे भोंगा म्हणत, कारण तो बोलला की फोनची गरज नसे. आज त्याचा आवाज खाली होता.

“मॅडम, स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय. आकडा येत नाही.”

तिने इंजिनांची यादी उघडली. आठातल्या सहा इंजिनांवर ताईचं काम चाललं होतं. रसायनाचा लोट खालच्या गावाशी कधी पोचेल, याचं ते भलंमोठं गणित होतं. आणीबाणीत सहा इंजिनं घेण्याची ताईला रीतसर परवानगी होती. गोची वेगळीच होती. लोड बॅलन्सर फक्त रिक्वेस्ट मोजायचा, त्यांचं ओझं नाही. ताईच्या प्रत्येक इंजिनापुढे एकच काम दिसत होतं, म्हणून तीच रिकामी समजून तो एकेका पंपघराला तिकडे धाडत होता. तिथे सगळी त्या अगडबंब गणिताच्या मागे ताटकळत उभी होती.

तिने नियम बदलला. नवी रिक्वेस्ट आता उरलेल्या दोनच इंजिनांकडे जाणार होती. पण वैतागलेले ऑपरेटर पुन्हा पुन्हा बटण दाबत होते, आणि प्रत्येक दाबणं म्हणजे रांगेत आणखी एक रिक्वेस्ट. बघता बघता ती दोन्ही इंजिनंही धापा टाकू लागली. तिने पंपघरांना फोन करून बटणावरचे हात काढायला सांगितलं, तरी साचलेली रांग लवकर सरेना. नववं इंजिन सुरू करून पाहिलं, तर मेमरी पुरेना आणि ते उभं राहायच्या आधीच कोसळलं.

भोंग्याचा पुन्हा फोन आला. आकड्याशिवाय नदीतून पाणी घेणारी झडप बंद केली तर शहराच्या टाक्या अर्ध्याच भरलेल्या, संध्याकाळपर्यंत अर्धं शहर कोरडं. उघडी ठेवली आणि लोट आलेला असला तर टाक्या नासणार. “शहराच्या तोंडचं पाणी पळवायचं की त्यांना विष पाजायचं, एवढंच सांगा,” तो म्हणाला. विनोद त्याचा नेहमीचाच होता, पण दोघांपैकी कुणी हसलं नाही.

तिने ताईला फोन लावला.

“ताई, तुझं गणित थांबवावं लागेल.”

“अर्ध्याच्या पुढे गेलंय ते. आता तोडलंस तर पहिल्यापासून करावं लागेल.”

“एक इंजिन तरी सोड.”

“सहाही भाग एकमेकांवर अवलंबून आहेत. एक काढलंस की सगळंच गेलं. खालच्या गावात इस्पितळ आहे, मी त्यांना काय सांगू? अंदाजाने नळ बंद करा? तोडू नकोस. मी नको म्हणतेय.”

धाकटीने फोन ठेवला. साहेबांना विचारावं तर ते जिल्ह्याच्या बैठकीत, फोन बंद. तिने ताईचं काम तोडलं.

सहा इंजिनं मोकळी झाली आणि तुंबलेली रांग भराभर ओसरली. भोंग्याच्या स्क्रीनवर आकडा आला. लोट अजून त्याच्यापर्यंत आला नव्हता. त्याने सगळे पंप लावून टाक्या भरत नेल्या आणि आकडा चढायला लागताच झडप बंद केली. शहराला पाणी पुरलं.

खालच्या गावाचं तसं झालं नाही. ताईने जुन्या पुरांचे वेग आठवून हातानेच हिशेब मांडला आणि त्यांना लगेच पाणी बंद करायला लावलं. धोका नको म्हणून तिने लोट लवकरात लवकर पोचेल असंच धरलं होतं. गणित पुन्हा लावून उत्तर आलं तेव्हा कळलं, की गाव गरजेपेक्षा फार आधीच कोरडं केलं गेलं होतं. इस्पितळाने शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. कुणी दगावलं नाही, पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ताईला फोनवर जे सुनावलं, ते तिने ऐकून घेतलं.

संध्याकाळी ताई खाली आली आणि समोरच्या खुर्चीत बसली.

“फोन करायच्या आधीच ठरवलं होतंस ना?”

“नाही. तू नको म्हणालीस, तेव्हा ठरवलं,” धाकटी म्हणाली. “तोवर वाटत होतं, तू हो म्हणशील आणि माझ्या डोक्यावरचं ओझं तुझ्यावर जाईल.”

ताई म्हणाली, “तुझ्या जागी मीही तोडलं असतं. पण राग यायचा तो आलाच आहे. जाईल तेव्हा जाईल.” आणि उठून एकटीच घरी गेली.

पुढचे कित्येक दिवस दोघी कामापुरतंच बोलत. आईने दोघींना वेगवेगळं विचारून पाहिलं आणि नाद सोडला. मधल्या काळात धाकटीने चार इंजिनं पंपघरांसाठी राखून ठेवली आणि लोड बॅलन्सरला कामाचं ओझं बघायला शिकवलं. ताईच्या वाट्याला आता कमी इंजिनं येणार, हे तिने ताईला लेखी कळवलं.

मग एका सकाळी फोन वाजला.

“मोठं गणित लावायचंय,” ताई म्हणाली. “आत्ता लावू, की गर्दी आहे?”

धाकटीने स्क्रीनकडे पाहिलं. “थोडी आहे. चहा घेऊन ये खाली, तोवर ओसरेल.”