बाहीचं माप

फुटबॉलमधल्या विंगरचं काम तसं वाढप्याचं. मैदानाच्या कडेने जीव तोडून पळायचं, आडवा येईल त्याला चकवायचं आणि चेंडू मधल्या गड्याच्या पानात नेऊन वाढायचा. जेवतो तो, ढेकर देतो तो, फोटोही त्याचाच. आपल्या या विंगरने उभा जन्म असं वाढण्यात घालवला आणि कधी कुरकुर केली नाही. पण अधूनमधून स्वतः गोल मारायचा, तेव्हा कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी जाऊन दोन्ही हात आडवे पसरायचा आणि ताठ उभा राहायचा. लोकांना वाटायचं, विमान करतोय. मग त्याचं नावच 'विमान' पडलं.

विमानाचा त्यात काही संबंध नव्हता. त्याचे वडील शिंपी. लहानपणी शर्ट शिवायचा झाला की ते गळ्यातली टेप काढून म्हणायचे, "हात पसर. आणि हलू नकोस, नाहीतर एक बाही तुझी आणि एक शेजाऱ्याची होईल." पोरगा श्वास रोखून उभा राहायचा. ही खूण त्या दोघांनाच ठाऊक होती. दुकानात गिऱ्हाईक यायचं ते नेमकं सुट्टीच्या दिवशी, त्यामुळे वडील मैदानावर कधी फिरकलेच नाहीत. मशीनशेजारी ठेवलेल्या लहानशा टीव्हीवर बघायचे. पोराने हात पसरले की तोंडातला दोरा न काढताच म्हणायचे, "माप घ्या म्हणतोय!"

ज्या क्लबने त्याला वाढवलं, बूट दिले, दुपारचं जेवण घातलं, तो त्याने विशी गाठायच्या आत सोडला. मोठ्या क्लबने बोलावलं होतं. तिथे नव्याचे नऊ दिवस झाले आणि मग बाकावर बसून त्याने दुसऱ्यांचे खेळ पाहिले. तिथून बंदराच्या गावी, तिथून डोंगराकडच्या एका क्लबात, तिथे गुडघा गेला, मग आणखी कुठे. भाड्याच्या खोल्या बदलाव्यात तसे त्याने क्लब बदलले. प्रत्येक ठिकाणी पाठीवर नवा रंग, कपाटात आधीच्या कुणाचे तरी हँगर, आणि फोनवर वडिलांचा एकच प्रश्न, "शर्ट खांद्यात बसतो का रे?"

या धंद्यात एक रीत आहे. ज्या क्लबाचं मीठ खाल्लं, त्याच्यावर गोल मारलाच तर नाचायचं नाही. मान खाली घालायची, हात छातीशी जोडायचे आणि मुकाट मागे फिरायचं. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, तसलंच हे. रीत चांगलीच आहे. पण ज्याने इतक्या घरचं खाल्लं, त्याने आनंद करावा तरी कुठे? जाईल तिथे जुनं घर! शेवटी शेवटी तर त्याचे हात गोल झाला की आपोआपच खाली जायचे. वडील चिडायचे. "अंगातला शर्ट बदलला म्हणून आनंद लपवायचा? हे कुठलं शास्त्र?"

मग वडिलांची नजर गेली. सुईत दोरा जाईना, मग खडूची रेघ दिसेना, मग टीव्ही म्हणजे नुसता उजेड उरला. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढंही फार दिवस टिकणार नाही. इकडे क्लबनेही विमानला सांगून टाकलं, मोसम संपला की आपला रामराम. त्या गुडघ्याला आता कोण उभं करणार? हे त्याने ताईला सांगितलं, वडिलांना सांगायला जीभ उचलली नाही.

शेवटचा सामना पडला तो नेमका पहिल्या क्लबच्या मैदानावर. वडील म्हणाले, "दुकान बंद ठेवतो. मी येतो."

"बाबा, तुम्हाला दिसणार काय?"

"चेहरा नाही दिसणार, रंग नाही दिसणार. माणूस हात पसरून उभा राहिला तर तेवढं दिसतं मला. गोल मारलास तर पसरशील ना? रीतबीत सांगू नकोस मला."

"पसरीन. शब्द देतो."

ताईने त्यांना कडेच्या पहिल्या रांगेत, झेंड्याच्या जवळ बसवलं.

त्या दिवशी पहिल्या क्लबच्या गळ्याशी आलं होतं. हरले तर खालच्या विभागात जाणार. तरीही विमान मैदानात आला तेव्हा तिथल्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. गवताची निगा राखणारे काका झेंड्यामागे आपल्या स्टुलावर बसले होते. याच काकांनी लहानपणी त्याच्या बुटांना नाड्या बांधायला शिकवलं होतं.

सामना संपत आला आणि चेंडू त्याच्याकडे आला. त्याने एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं. आत वाढायला मोकळा गडी नव्हता, म्हणून स्वतःच मारला. चेंडू जाळ्यात गेला. तो सवयीने झेंड्याकडे धावला. पहिल्या रांगेत वडील पुढे वाकून, डोळे ताणून बघत होते. त्याने हात उचलले, कमरेपर्यंत आणलेही. तेवढ्यात काका दिसले. त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली होती आणि त्यांचे खांदे हलत होते. त्याचे हात खाली आले. छातीशी जुळले. मान खाली घालून तो मागे फिरला, आणि हरलेल्या लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

पाहुण्यांच्या गोलची घोषणा तिथे कोण करतो?

"कुणी मारला गं?" वडिलांनी विचारलं.

"आपल्यानेच, बाबा!"

"नाही. त्याने शब्द दिलाय. त्याने मारला असता तर हात पसरले असते. मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नकोस."

ताईने परोपरीने सांगितलं, शेजारच्या माणसालाही सांगायला लावलं. ते फक्त मान हलवत राहिले.

संध्याकाळी तो दुकानात आला. वडील बंद मशीनशी बसले होते. त्यांच्या गळ्यात टेप होती. नजर गेली तरी ती सुटली नव्हती. तो म्हणाला, "बाबा, मीच मारला होता."

"ताईने पढवून ठेवलंय वाटतं," ते हसले. "अरे, विंगर तू. दुसऱ्याला वाढलं असशील. त्यात कमीपणा कसला?"

त्याला रडू फुटलं. तो खिडकीच्या उजेडात गेला आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला.

वडिलांनी डोळे बारीक केले. "आता दिसलास!" म्हणत ते चाचपडत उठले आणि त्यांनी टेप त्याच्या हाताला लावली. आकडा वाचता येत नव्हता, म्हणून बोटाने चाचपत राहिले.

"हलू नकोस. खांद्यात उतरलास रे. जेवत नाहीस का नीट?" ते म्हणाले. "आणि तोंड पाडू नकोस. आज नाही झाला तर पुढच्या मॅचला मार. मी येतो की, दुकान काय पळून जातंय?"

"हो बाबा," तो म्हणाला. त्याने हात खाली घेतले नाहीत.