तीनदाच ओढायची

"किती वेळा ओढलीत दोरी?" मी विचारलं.

जनरेटरपाशी उभ्या असलेल्या माणसानं आपल्या तळहाताकडे पाहिलं. तळवा सोलवटला होता. "मोजली नाही. असेल पन्नासेक वेळा."

"पहिलवान आहेत आमचे दीर," पोल्ट्रीवाल्या ताई म्हणाल्या. "दोरी तुटेल, पण हे थांबायचे नाहीत."

हसण्यासारखं होतं, पण ताईंचा चेहरा राखेसारखा झाला होता. पहाटे वीज गेली होती आणि दुपारपर्यंत येणार नव्हती. शेडमध्ये दोन दिवसांची अकराशे पिल्लं उबेच्या विझलेल्या बल्बांखाली एका कोपऱ्यात ढीग करून बसली होती. ढिगाच्या तळाशी असलेली गुदमरतात आणि वरची गारठतात. ताईंनी मधूनमधून हात घालून ढीग मोडायचा आणि तो लगेच पुन्हा जमायचा, असं दोन तास चाललं होतं. बाहेर गवत पांढरं झालं होतं.

बाबांना जाऊन बावीस दिवस झाले होते. चाळीस वर्षं त्यांनी छोटी इंजिनं दुरुस्त केली होती. पंप, जनरेटर, फवारणीची यंत्रं. त्यांचा फोन मी बंद केला नव्हता. कुणाचा फोन आला की "ते आता नाहीत" एवढं तीन शब्दांचं वाक्य मी सांगत असे. त्या सकाळी सहा वाजता ताईंचा फोन आला तेव्हाही ते तोंडात तयार होतं. पण पलीकडून पिल्लांचा चिवचिवाट ऐकू आला आणि त्यामागे दोरी ओढल्याचा खरखर आवाज. मी म्हणाले, "आधी ती दोरी सोडायला सांगा. येते मी."

का म्हणाले, मला आजही नीट सांगता येत नाही. मी ग्रंथालयात काम करते. बाबांची हत्यारांची पिशवी दाराशी होती ती केवळ भंगारवाला दहा वाजता न्यायला येणार होता म्हणून.

"तीनदा ओढायची," बाबा म्हणत. "चौथ्यांदा ओढतो तो मेकॅनिक नाही, वैतागलेला माणूस."

लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या अंधाऱ्या दुकानात टॉर्च धरायचे. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात गोष्टीचं पुस्तक. "उजेड पुस्तकावर नको, प्लगवर पाड," ते ओरडायचे. मी काही शिकत नाहीये, याबद्दल आम्हा दोघांचंही एकमत होतं.

मी पान्यानं प्लग काढला. आधी भोकाशी नाक नेलं, मग प्लगकडे पाहिलं. तो पेट्रोलनं ओलाचिंब होता. आधी नाक, मग डोळे, हात शेवटी, असं बाबा म्हणत.

"बुडलंय," मी म्हणाले.

"बुडलंय म्हणजे?" दिरांनी विचारलं.

"पेट्रोल जास्त झालंय आत. चोक लावला की पेट्रोल जास्त येतं. तसाच ठेवून ओढत राहिलात ना?"

"थंडीत चोक लागतोच की."

"सुरुवातीला. तहान लागली म्हणून माणसाला विहिरीत ढकलत नाहीत."

हे वाक्य माझं नव्हतं. ताईंनी चमकून माझ्याकडे पाहिलं. त्यांनीही ते पूर्वी ऐकलं असावं.

प्लग काढलेलाच ठेवून मी दोरी दोन-तीनदा ओढली. भोकातून पेट्रोलचा फवारा धुक्यासारखा बाहेर आला. प्लग कोरडा पुसून ताईंच्या हातात दिला. "तव्यावर ठेवा. भाजायचा नाही, कोमट करायचा."

"म्हणजे आता यालाही नाश्ता!" दीर म्हणाले.

प्लग परत आला, तसा बसवला. चोक बंद. दुसऱ्या झटक्यात इंजिन खोकलं आणि धडधडायला लागलं. शेडमध्ये बल्ब लाल झाले. ताईंनी दोन्ही हातांनी माझे खांदे धरले.

चार मिनिटं. मग आवाज पातळ होत गेला, दोन आचके आणि शांतता. बल्ब विझले. चिवचिवाट एकदम वाढल्यासारखा वाटला.

दिरांचा हात दोरीकडे गेला. "तरी म्हटलं, हे काही पुस्तकातलं काम नाही."

"हात लावू नका," मी म्हणाले आणि खाद्याची रिकामी बादली पालथी घालून इंजिनासमोर बसले.

"ही बसली काय!" दीर ताईंना म्हणाले.

"बसू द्या भावजी. हिचे बाबाही असेच बसायचे."

टॉर्चमागून मला नेहमी बाबांची पाठच दिसायची. बादलीवर बसलेली, न हलणारी. 'मेलं कसं ते आधी आठव. जिवंत कसं करायचं ते नंतर.' हे कसं मेलं? एकदम नाही. रिकाम्या पेल्यातून कुणी नळीनं ओढत राहावं, तसं. पण टाकी तर अर्धी भरलेली होती.

मी पिशवीतल्या टॉर्चचा उजेड टाकीच्या झाकणावर पाडला. झाकणाच्या मधोमध जखमेवर लावतात तसली चिकटपट्टी होती. चारही कोपरे नीट दाबलेली.

"ही?"

"मीच लावली परवा," ताई म्हणाल्या. "बारीक भोक आहे तिथं. दव पडतं, पाणी जाईल आत, म्हणून."

मी झाकण फिरवलं. स्स्, असा लांब आवाज झाला. टाकीनं श्वास घेतला.

"तेवढ्याच भोकातून हवा जाते, ताई. ती गेली नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही."

"अगं बाई! म्हणजे काळजीपोटी मीच गळा आवळला की त्याचा!"

पट्टी काढली. झाकण लावलं. एक ते शंभर मोजले. दोरी हातात घेतली तेव्हा दीर मागे सरकले, आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. चार मिनिटं झाली, दहा झाली. आवाज भरदार, एकसारखा.

आम्ही तिघं शेडच्या दारात उभे राहिलो. लाल उजेडात तो ढीग आधी नुसता थरथरला. मग कडेचं एक पिल्लू सुटं झालं, त्यामागून पाच, पन्नास. थोड्याच वेळात पिवळा रंग सगळ्या जमिनीवर पसरला. ताई ढीग होता त्या कोपऱ्यात वाकल्या आणि बराच वेळ चाचपत राहिल्या. उठल्या तेव्हा त्यांच्या ओंजळीत काहीच नव्हतं.

"एकही नाही," त्या म्हणाल्या. "एकही गेलं नाही गं!"

दिरांनी घसा खाकरला. "तीनदाच ना?"

"तीनदाच."

मी भंगारवाल्याला फोन केला, येऊ नका म्हणून. मग हत्यारं पिशवीत भरली. हात पुसायला फडकं काढलं. त्यावर बाबांच्या बोटांचे काळे ठसे होते, एकावर एक. मी कडेची स्वच्छ जागा शोधून बोटं पुसली. मग बाबा घडी घालत तसं, काळी बाजू आत घेऊन, फडकं दुमडलं आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवलं. पटकन हाताला लागेल असं.