करवंदीचं कुंपण

मरोळच्या त्या जुन्या इमारतीत तळमजल्याच्या घरामागे छोटीशी बाग होती. बागेची भिंत एका ठिकाणी ढासळली होती आणि सोसायटी ती बांधायचं नुसतं पुढे ढकलत होती. त्याच खिंडारातून गेल्या महिन्यात अनुपमाचे सासरे अंबादास एकटेच बाहेर पडले. त्यांना हल्ली घर, माणसं, वेळ, काहीच नीट आठवत नसे. दिवसभर शोधल्यावर ते आरे कॉलनीतल्या एका तबेल्यापाशी सापडले, म्हशींची विचारपूस करत.

"आता बास," तिचा नवरा निलेश म्हणाला. रविवारी तो नर्सरीतून करवंदीची कमरेएवढी रोपं टेम्पोत घालून घेऊन आला, रोपं वाढेपर्यंत म्हणून त्याने खिंडारात तारही ताणली. "जवळजवळ लाव. वाढली की मांजरसुद्धा जाणार नाही." आणि सोमवारी तो ऑफिसला गेला.

बाबांसाठी अनुपमाने लॅबमधली नोकरी सोडली होती. पुढच्या दाराला कायम कुलूप. किल्ली तिच्याच कमरेला, पण त्यांना एकटं टाकून जायचं कुठे? दुपारी त्यांचा डोळा लागला की ती या खिंडारातून पलीकडच्या इमारतीत, उत्तरा नावाच्या मैत्रिणीकडे, घोटभर चहाला जायची. दिवसातलं तेवढंच बाहेर. आता तेही आपल्याच हाताने बुजवायचं.

तिने पहार घेतली. मातीत फरशीचे तुकडे, सिमेंटची ढेकळं. पहिला खड्डा होईतो हात भरून आले. रोपाची काळी पिशवी फाडताना मागून बाबा आले, त्यांनी एक पान तोडलं. देठातून पांढरा चीक आला, तसा त्यांचा चेहरा उजळला.

"करवंद! हय गुरां येतत काय गो?"

"हो बाबा," ती खाली बघत म्हणाली. "येतात."

"मगे खोल लाय. मुळां मोकळी कर आधी."

ते उकिडवे बसले. कित्येक महिन्यांत त्यांना असं बसलेलं तिने पाहिलं नव्हतं. मुळांचा गुंता ते बोटांनी हलकेच सोडवत, रोप खड्ड्यात सरळ धरत, ती शेणखत आणि माती लोटे, मग ते तळव्याने दाबत. गावच्या गोष्टी सांगत होते. आपल्यालाच अडवायचं कुंपण ते इतक्या मायेने लावत होते की तिला त्यांच्याकडे बघवेना.

शेवटचा खड्डा उरला. बाबांनी रोप उचललं नाही.

"आणि तुझी वाट खंय ठेवलंस?"

"मी कुठे जाते, बाबा?"

"जातंस मां, चायेक. मी जागोच आसतंय."

अनुपमा मातीतच बसली. रडू आलं, पण हात चिखलाने भरलेले. डोळे पुसायलाही जमेना. मग ती उठली आणि तिने तो खड्डा रोप न लावताच परत बुजवून टाकला.

संध्याकाळी निलेश चिडला. "एवढी जागा मोकळी? बाबा गेले तर?"

"इथे फाटक बसव. किल्ली माझ्याकडे राहील."

"आणि तू गेलीस की त्यांच्याकडे कोण बघणार?"

"रविवारी सकाळी तू."

"अगं, माझा एकच तर दिवस..."

"माझा तोही नाही, निलेश."

तो धुसफुसतच जेवला. पण आठवडाभरात तार कापून तिथे लोखंडी फाटक बसलं.

पुढच्या रविवारी ती फाटकाचं कुलूप उघडून, बाहेरून पुन्हा लावून उत्तराकडे गेली. चहा आला. कप तोंडाला लावला, तेवढ्यात पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. ती ताडकन उठली.

"बस गं," उत्तरा म्हणाली. "आहे ना निलेश?"

ती बसली. पाय दाराकडे वळलेलेच होते, कान भिंतीपलीकडे. निलेशचा आवाज येत होता, "नाही बाबा, आत्ता नाही जायचं," पुन्हा पुन्हा तेच, आधी वैतागून, मग दमून. तिने चहा संपवला. उत्तराने न विचारता पुन्हा कप भरला, आणि तिने तो घेतला.