कचरा नावाचं टेबल

मुंबईच्या ऑफिसातून नियम आले होते. डेटाबेसमधल्या प्रत्येक टेबलाचं, म्हणजे माहितीच्या तक्त्याचं नाव आत काय आहे ते सांगणारं हवं. ‘जुना’, ‘तात्पुरता’, ‘कचरा’ असले शब्द नावात दिसता कामा नयेत. रोह्यातल्या त्या खासगी हॉस्पिटलात कॉम्प्युटर सांभाळायला मृणाली चार महिन्यांपूर्वी लागलेली. नव्या सुनेने फडताळ आवरावं तशी ती सकाळपासून आवरत सुटली होती. ‘कचरा’ नावाचं टेबल दिसलं आणि तिने ते सरळ पुसून टाकलं. आत डोकावायचं तिच्या मनातही आलं नाही. पोरगी हुशार, पण घाई तिच्या पाचवीलाच पुजलेली.

दहा मिनिटांत वॉर्डातून अनिता सिस्टरचा फोन आला.

“काय गो मृणाली, आज कोणाच्याच नावापुढं लाल खूण नाय. एकालाही औषधाची ॲलर्जी नाय, असं कसं व्हईल?”

मृणालीला आत्ताच पुसलेलं ते टेबल आठवलं. इंजेक्शनं थांबवा, एवढंच म्हणायचं होतं. पण मग का, तेही सांगावं लागलं असतं. “बघते,” म्हणून तिने फोन ठेवला आणि पेणला कमळाकरकाकांना लावला. ही सगळी मांडणी त्यांची. गेल्याच वर्षी ते निवृत्त झाले होते.

“काका, ॲलर्जीची यादी कुठल्या टेबलात आहे?”

“कचऱ्यात,” काका सहज म्हणाले. “माझ्या आधीची दोन पोरं गेली, म्हणून आयनं मला केरू हाक मारली. केराला नजर लागत नाय, त्याला कोण हात लावत नाय. ही यादी तर लोकांच्या जिवाची, म्हणून तसंच नाव ठेवलं. का गो?”

तिने फोन ठेवला. पहाटे काढलेली सगळ्या माहितीची प्रत होती, पण ती परत चढायला अर्धा तास लागणार होता. ते काम सुरू करून मृणाली जिन्याकडे धावली. लाल खूण दिसली नाही की कोणीही समजणार, द्यायला हरकत नाही.

अनिता सिस्टर शेवटच्या खाटेपाशी होती. वडखळकडच्या मिठागरात काम करणाऱ्या हिरामणच्या सलाइनच्या नळीला ती सुई लावत होती.

“देऊ नका! यादी मी पुसली!”

सिस्टरचा हात जागीच थांबला. “काय झाला गो पोरी?” हिरामणने हसून विचारलं. मृणालीला रडूच फुटलं. वाचला, देवा, वाचला.

सिस्टर हसली नाही. तिने भरलेली सुई ट्रेमध्ये ठेवली.

“तू बघते म्हणालीस. मी थोडी थांबले, मग औषधाची वेळ टळाय लागली,” ती हळूच म्हणाली. “ह्याच्या आधीच्या सहा जणांना देऊन झालंय गो.”

दोघी वळल्या. तिसऱ्या खाटेवरची कृष्णाबाई उठून बसली होती आणि दोन्ही हातांनी गळा खाजवत होती.