अंधुक पडद्यातली कहकशाँ

मित्रांनो, मी लॅपटॉप आहे. जुना आहे, अंगाने जाड आहे आणि वजनाला असा, की मला मांडीवर घेणाऱ्याच्या पायाला मुंग्या येत. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. आठवते ते एवढेच, की २००५ साली कहकशाँने मला नागपूरच्या दुकानातून घेतले आणि भद्रावतीला येईपर्यंत एसटीत मला छातीशी धरून ठेवले. मी दुसऱ्याने वापरून टाकलेला होतो. तरी मला इतके जपणारे माणूस मी तोवर पाहिले नव्हते.

कहकशाँ मलेरियाच्या पाहणीचे काम करायची. गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याच्या बाजूच्या गावांत हिंडायचे, कोणाला ताप आला, कोणाकडे मच्छरदाणी आहे, हे विचारायचे आणि ते सारे माझ्यात भरायचे. ओसरीवर तिने मला उघडले, की माणसे गोळा होत. "पेटीत टीवी हाये का बाई?" असे एक म्हातारा रोज विचारायचा. मी तेव्हा गर्वाने फुगून जायचो, खोटे कशाला बोलू! तिच्याबरोबर काम करणाऱ्या प्रेमिलाने एकदा तळ्याच्या पाळीवर तिचा फोटो काढला. ओढणी वाऱ्याने उडालेली, तोंडभर हसू. कहकशाँने तोच फोटो माझ्या पडद्यावर लावला. मोठेपणीचा तिचा तेवढाच फोटो होता, कारण एरवी इतरांचे फोटो काढायचे काम तिचेच असे.

ज्या तापाच्या नोंदी ती माझ्यात भरायची, तोच ताप पावसाळ्यात तिला आला. तो मेंदूत चढला आणि पाचव्या दिवशी सारे संपले. ती तेवीस वर्षांची होती. मी तिच्या कपड्यांच्या पिशवीतून भद्रावतीला परत आलो.

तिचे अब्बा गुलाम रसूल बसस्टँडजवळ घड्याळे दुरुस्त करत. ते खूप रडले. आई खातून मात्र रडली नाही. कोणी विचारले तर ती सांगायची, "कहकशाँ ड्युटीवर हाये." दुपारची नमाज झाली, की ती मला खिडकीपाशी उघडायची. बटण दाबायचे तेवढे तिला लेकीने शिकवले होते. फोटो आला, की ती गप्पा मारायला लागायची. आज भाजी काय केली, शेजारच्या कलाबाईच्या घरी कोण पाहुणे आले, सगळे. दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, ती घरभर लोबानाचा धूर फिरवायची. पोरीला नजर लागू नये म्हणून माझ्यासमोर धुपाटणे जरा जास्तच वेळ धरायची.

चौथ्या महिन्यात एके दिवशी तिने मला उघडले आणि पडदा उजळलाच नाही. आतला पंखा फिरत होता, चित्रही होते, पण त्यामागचा दिवा विझला होता. खातून घाबरून मला इकडे तिकडे वळवू लागली. तेवढ्यात खिडकीतले तिरपे ऊन पडद्यावर पडले आणि काळ्या काचेच्या आत, खोल पाण्यात दिसावा तसा, कहकशाँचा चेहरा दिसला.

त्या दिवसापासून माझे घर बदलून गेले. ऊन सरकले, की तो चेहरा सरकायचा. झाडाची फांदी हलली, की डोळे हलल्यासारखे वाटायचे. खातून हळूच म्हणायची, "आली का, बेटा?" आणि उत्तराची वाट बघायची. मित्रांनो, हलायचे ते ऊन होते, की आणखी काही, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. कळफलकावर कोणाची बोटे नसताना मला तिच्या बोटांची ऊब जाणवायची.

एकदा कलाबाई डोकावली आणि तिच्या अंगावर काटा आला. "खातूनबाई, यात सावली बसली! हे घरात काऊन ठेवता? वर्धेत सोडून द्या."

"माही पोरगी हाये ते," खातून म्हणाली. "तिले नदीत सोडू?"

हळूहळू ती जेवण विसरू लागली. ऊन गेल्यावरही माझ्यासमोर बसून राहू लागली. गुलाम रसूल हवालदिल झाले. मला घेऊन दोघे चंद्रपूरला गेले. दुकानदाराने मला उलटेपालटे केले आणि म्हणाला, "स्क्रीन गेली. आठ दिवस ठेवून जा."

खातूनने मला हिसकावून घेतले. "पोरीले परक्या घरी ठेवू? नाई!"

मग उरले घरचेच कारागीर. सगळ्या गावाची घड्याळे उघडणारा हा माणूस लेकीच्या वस्तूला वर्षभर शिवला नव्हता. एका शुक्रवारी दुकान बंद ठेवून त्यांनी मला जाजमावर घेतले, डोळ्याला भिंग लावले आणि माझ्या अंगावरून इंच इंच फिरले. बिजागरीजवळ माझी एक बारीक खुंटी आहे. झाकण मिटले, की ती दबते आणि मी दिवा विझवतो. ती खुंटी दबलेलीच राहिली होती. झाकण उघडे असूनही मी स्वतःला मिटलेला समजत होतो!

त्यांनी काडीला कापूस गुंडाळला, घड्याळे धुवायच्या पांढऱ्या पेट्रोलात बुडवला आणि खुंटीभोवती फिरवला. कापूस पिवळा, चिकट झाला. त्यांनी तो नाकाशी नेला. लोबानाचा वास होता. त्यांनी कोपऱ्यातल्या धुपाटण्याकडे पाहिले.

"काय होतं जी?" खातूनने विचारले.

"धूळ होती," ते म्हणाले आणि कापूस खिशात टाकला.

खुंटी टक्कन वर आली आणि माझा पडदा लख्ख उजळला. तळे, ओढणी, हसू, दात सारे स्पष्ट. मला वाटले, आता खातून आनंदाने उडी मारेल. ती पुढे झुकली. डाव्या बाजूने पाहिले, उजव्या बाजूने पाहिले. पडद्यावर हात फिरवला.

"इचे डोये हालत नाईत," ती म्हणाली. "ही माह्याकडं पाहूनच नाई राह्यली. हा फोटू हाये."

गुलाम रसूलांनी डोळ्याचे भिंग काढून ठेवले.

"गेली हो माही पोरगी," खातून म्हणाली आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा रडली. भिंतीपलीकडून कलाबाई धावत आली आणि दारातच थांबली. त्या क्षणी माझ्यातली ती ऊबही गेली. पुन्हा कधी आली नाही.

खूप वेळाने खातूनने डोळे पुसले. "लय उजेड हाये जी. जरा कमी करा."

गुलाम रसूल कळ दाबत गेले. एक पायरी, दोन, तीन. "बस. एवढाच राहू द्या," ती म्हणाली आणि त्यांना बसायला जागा करून दिली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना धूर आणि धूळ सोसत नाही. आम्हाला पुसत जा, स्वच्छ ठेवत जा. पण तुमच्या घरात कोणी काळोख्या काचेशी बोलत बसले असेल, तर त्याला हसू नका आणि भिऊही नका. शेजारी जाऊन बसा. मग हलकेच विचारा, उजेड किती सोसेल, आणि तेवढाच करा.